भिजत घोंगडं

लोकरी कपड्याच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते: गरम पाण्यात धुऊ नये. गेली दोन वर्षं मी नेमकं तेच करतोय. इथे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात फ्रेंचीज नावाची जुन्या कपड्यांची दुकानं आहेत. हौदाएवढ्या खोक्यांत कपड्यांचे ढीग ओतलेले असतात आणि माणसं कोपरापर्यंत हात घालून ते उपसत असतात. तिथून मी बायकांचे जाड लोकरी स्कर्ट आणतो, म्हाताऱ्यांचे हेरिंगबोनचे, माशाच्या काट्यासारख्या विणीचे, कोट आणतो. घरी येऊन अस्तरं उसवायची, बटणं कापून डबीत टाकायची आणि उरलेलं कापड मशीनमध्ये सगळ्यात गरम पाण्यावर लावायचं. मग तितक्याच गरम ड्रायरमध्ये. लोकर आटते, धाग्यात धागा गुंततो आणि कापड असं काही दाट होऊन बाहेर पडतं की त्याची पाव इंची पट्टी कापली तरी कडेचा धागा सुटत नाही.

"तुझं हे भिजत घोंगडं अजून किती दिवस?" बायको दारातून विचारते. रोख मशीनकडे नसतो. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक लाकडी चौकट उभी आहे आणि तिच्यावर आमच्या कुत्र्याचं तोंड आहे, त्याच्याबद्दल ती बोलत असते.

कुत्र्याचं नाव बुक्का. दोन महिन्यांचा काळा गोळा घरी आणला तेव्हा मुलीला 'शॅडो' हवं होतं, बायकोला 'काळू'. माझं आजोळ म्हसवडचं. आजोबा पंढरपूरहून परतले की कपाळावर बुक्का असायचा, आणि मला मांडीवर घेतलं की तो माझ्याही नाकाला लागायचा. तोच रंग. इथल्या लोकांच्या तोंडी त्याचा 'बूका' झाला आणि डॉक्टरांच्या कागदावर 'बुकर'. तो तिन्ही नावांना शेपूट हलवतो. आता तो बारा वर्षांचा आहे.

त्याचं लोकरीत चित्र काढायचं हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आमच्या शेजारी न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाकडच्या, समुद्राकाठच्या एका खेड्यातून आलेल्या एक बाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना मनातल्या मनात मास्तरीणबाई म्हणतो. आम्ही इथे डार्टमथला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बुक्काला अंगणात आडवं पाडून त्याच्या छातीवरचा पांढरा ठिपका बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "हा आमच्याकडचा." मला वाटलं, म्हातारीला कुणीतरी आठवतंय. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. लॅब्राडॉर जातीचे कुत्रे मुळात लॅब्राडॉरचे नाहीतच, त्यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांचे पाणकुत्रे. एकोणिसाव्या शतकात ते जहाजांतून ब्रिटनला गेले आणि तिथे त्यांची आजची जात घडली. त्या जुन्या कुत्र्यांच्या छातीवर पांढरा डाग असायचा. मूळ जात आता उरलेली नाही. बुक्का निम्मा लॅब्राडॉर आहे, निम्मा देव जाणे काय. पण त्या ठिपक्यापुरता तो मास्तरीणबाईंचा गाववाला ठरला आणि त्या नात्याने मीही.

त्या गुरुवारी संध्याकाळी त्या मला चर्चच्या तळघरातल्या 'रग हुकिंग'च्या, म्हणजे आकडीने सतरंज्या भरण्याच्या, वर्गात घेऊन गेल्या. दहा-बारा बायका, दोन किटल्या आणि मी. हातात लाकडी मुठीची, क्रोशाच्या सुईसारखी आकडी. चौकटीवर ताणलेलं जाड विणीचं कापड. उजव्या हाताने आकडी वरून भोकात घालायची, डाव्या हाताने कापडाखाली पट्टी धरायची, आकडीने ती पकडून वर ओढायची. एक फास वर येतो. शेजारच्या भोकातून दुसरा. पट्टी जितकी रुंद तितकाच फास उंच. गाठ नाही, टाका नाही, डिंक नाही. फास एकमेकांना खेटून बसतात म्हणूनच टिकतात. हे काम करणाऱ्यांना इंग्रजीत 'हुकर' म्हणतात, त्यावर बायका स्वतःच फिदीफिदी हसतात. आईला फोनवर ते समजावून सांगण्याच्या फंदात मी पडलो नाही.

ज्या कापडावर हे सगळं चालतं ते पाहून मात्र मी हसलो. मास्तरीणबाई त्याला 'ब्रिन' म्हणतात, हा त्यांच्या बेटावरचा शब्द. बाकीच्या 'बर्लॅप' म्हणतात. मी म्हटलं, हे तर तरट. आजोळच्या अडतीत याच्या ढिगावर झोपलोय मी. या कलेची मुळं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि कॅनडाच्या या अटलांटिक पट्ट्यात आहेत आणि ती पसरली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. कारण अगदी साधं आहे, तोवर गोणपाट इकडे पोचलं होतं. बंगालचा ताग स्कॉटलंडच्या डंडीत जाऊन विणला जात होता, १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्ऱ्याला तागाची पहिली गिरणी निघाली, आणि मग जगभरचा माल तागाच्या पोत्यांतून फिरू लागला. धान्य संपलं की पोतं उरायचं. थंडीत गारठलेल्या घरांतल्या बायकांनी ते उसवून चौकटीवर ताणलं, खिळा वाकवून आकडी केली, आणि फाटक्या कपड्यांच्या चिंध्या त्यातून ओढल्या. इंग्रजीतला 'गनी' हा शब्दच आपल्या गोणीवरून गेलेला. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी आकड्या थांबवून माझ्याकडे पाहिलं. पुढचे तीन गुरुवार माझ्याकडे तागाबद्दलच्या शंका येत होत्या. मी संगणकवाला आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

कुत्रे या सतरंज्यांवर पहिल्यापासून आहेत. मेन राज्यातल्या बिडफर्ड गावी एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाचा एक फेरीवाला होता, गाडीतून पत्र्याची भांडी विकणारा. बायका गोणपाटावर कोळशाने आपापली नक्षी काढतात हे पाहून १८६० च्या दशकाच्या शेवटी त्याने पत्र्याचे साचे कापले आणि छापील नक्षीची गोणपाटं विकायला काढली. फुलं होती, सिंह होते, कुत्रे होते. धंदा जोरात चालला. पण तो कुत्रा कुणाचाच नसलेला कुत्रा. मास्तरीणबाईंना छापील नक्षीचा मनस्वी राग आहे. त्यांच्या आईने आयुष्यात एकच कुत्रा काढला, स्वतःच्या अंगणातला, आणि तो मेंढरासारखा दिसतो. तो तुकडा त्यांनी अजून जपून ठेवलाय. मी पाहिलाय. खरोखरच मेंढरासारखा दिसतो.

त्यांच्या गावाकडे ग्रेनफेल मिशनचा दबदबा होता. विल्फ्रेड ग्रेनफेल हा इंग्रज डॉक्टर १८९२ मध्ये त्या किनाऱ्यावर आला आणि रोगाइतकीच गरिबी पाहून चक्रावला. बायकांचं हे हिवाळी काम विकायला न्यावं ही कल्पना तिथे रुजली. १९०६ मध्ये जेसी ल्यूथर ही हस्तकलेची शिक्षिका अमेरिकेहून आली आणि कामाला शिस्त लागली. बर्फावरून धावणाऱ्या कुत्र्यांच्या गाड्या, पांढरी अस्वलं, बदकं अशा सपाट, रेखीव नक्ष्या. सगळ्यात नवल मालाचं. १९२० च्या दशकात मिशनने अमेरिका-कॅनडा-इंग्लंडातल्या बायकांकडे उसवलेले रेशमी मोजे मागितले. इंग्रजीत मोज्याचा धागा सुटत गेला की तो 'पळाला' म्हणतात, त्यावर कोटी करून आवाहन निघालं: तुमचे मोजे पळालेच तर त्यांना लॅब्राडॉरपर्यंत पळू द्या. मोज्यांची खोकी आली. ती रंगवून, बारीक पट्ट्या कापून, गोणपाटाचं एकही भोक न सोडता भरायचं. त्या सतरंज्या आज संग्रहालयांत काचेमागे आहेत. मास्तरीणबाईंच्या घरात त्यांतली एकही नव्हती. विकायला केलेलं घरात कशाला राहील?

घरातल्या सतरंज्यांची गोष्ट वेगळी. नवी असेल ती पुढच्या खोलीत, आणि तीसुद्धा उलटी घातलेली. पाहुणे किंवा रविवार आला की सुलटी करायची. रंग उडाला की स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दाराशी, शेवटी होडीत नाहीतर कुत्र्याखाली. हे ऐकताना मी आमच्या घरची गोधडी मोजत होतो: पाहुण्यांची, आमची, गड्याची, गोठ्यातली.

आता माझ्या सतरंजीकडे येतो.

पहिली चूक लोकरीची. मी उत्साहाने लग्नातला काळा सूट कापायला घेतला. पुण्यातल्या शिंप्याने सासऱ्यांच्या खर्चाने शिवलेला. दोनदा गरम पाण्यातून काढला तरी तो ढिम्म. आटला नाही, दाटला नाही, आणि पट्ट्या कापताच हातात नुसते दोरे आले. मास्तरीणबाईंनी एक दोरा चिमट्यात धरून काडी लावली. लोकर जळली तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत कुस्करते. याचा चिकट काळा मणी झाला. तेव्हा आठवलं, टेरीवूल, पॉलिएस्टर मिसळलेली लोकर! आमच्या लग्नाच्या काळी तोच तर रुबाब होता. बायकोने सुटाची विजार वर धरून पाहिली आणि एवढंच म्हणाली, "निदान विचारायचं तरी."

दुसरी चूक काळ्या रंगाची. काळा कुत्रा म्हणून मी काळी लोकर जमवली होती. डोक्याचा एक कोपरा भरला आणि लांब जाऊन पाहिलं तर तिथे कुत्रा नव्हता, कापडाला भोक पडल्यासारखं दिसत होतं. मास्तरीणबाईंनी बुक्काला खिडकीच्या उन्हात बसवलं आणि मला त्याच्यासमोर. डोळे अर्धे मीट म्हणाल्या, आणि काळा शब्द तोंडातून काढायचा नाही. मी अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी माझ्याच कुत्र्याकडे पाहत बसलो. त्याच्या पाठीवर निळं होतं. आकाशाचं असेल, पण होतं. कानाच्या कडेला उन्हात चहाचा रंग. गळ्याखाली जांभळट. कानाच्या मागे हिरव्याची झाक, ती समोरच्या झाडाची असावी. खरा काळा सापडला तो फक्त नाकपुड्यांच्या आत आणि ओठांच्या फटीत. बारा वर्षं रोज पाहतोय, आणि मी याला काळा म्हणत होतो.

मग शोध सुरू झाला. गडद निळा ब्लेझर, वांगी रंगाचा स्कर्ट, काळपट हिरव्या चौकटींचा कोट. हेरिंगबोन तर वरदानच. त्याच्या पट्टीत दोन छटा आपोआप मिसळलेल्या असतात आणि फास वर आला की केस चमकल्यासारखं दिसतं. जे मिळेना ते रंगवलं. लोकरीला रंग धरायला आंबट लागतं, पातेल्यात व्हिनेगर घालून उकळी न आणता तासभर मंद ठेवायचं. रंग चढला की पाणी स्वच्छ होतं, सगळा रंग लोकरीने पिऊन टाकलेला असतो. डोळ्यांसाठी कांद्याची सालं उकळली, तुरटी घालून. मधासारखा पिवळा-तांबूस रंग आला आणि घराला तीन दिवस भज्यांचा वास. बुक्का त्या पातेल्याशेजारून हलला नाही.

लोकर किती लागते याचा अंदाज कुणाला येत नाही. जेवढी जागा भरायची तिच्या चार-पाच पट कापड. सोळा बाय वीस इंचांच्या कुत्र्याला माझे दोन कोट आणि तीन स्कर्ट लागले.

आधी डोळे, हा मास्तरीणबाईंचा नियम. तो तुझ्याकडे बघायला लागला की मग तुझी सुटका नाही. त्यासाठी पट्टी पाव इंची चालत नाही, तीन नंबरची लागते. इंचाचे बत्तीस भाग करायचे, त्यातले तीन घ्यायचे. एक डोळा म्हणजे पंचवीस-तीस फास. बुबुळाचं गडद, वरच्या पापणीची सावली, खाली कांद्याच्या रंगाची चंद्रकोर, आणि उजेडाचा एक पांढरा फास. एकच. तो मी डाव्या डोळ्यात डावीकडे आणि उजव्यात उजवीकडे घातला, शोभेसाठी. कुत्रा चकणा झाला. उजेड एकाच खिडकीतून येतो, दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला हवा.

त्या दिवसांत आई साताऱ्याहून आली होती. तरटाऐवजी मी घेतलेल्या पांढऱ्या लिननवर नुसते दोन डोळे आणि भोवती काही नाही, असं ते पाहून तिने लांबूनच हात जोडले. "काय रं, म्हसोबा बसवलास व्हय घरात?" पुढे चेहरा भरत गेला तशी तिची ओळख पटली, पण एक गोष्ट तिला काही केल्या पटेना. हे जमिनीवर घालायचं? "आरं, तोंडावर पाय कसा द्यायचा?" इथल्या लोकांना यात काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, तिने विचारेपर्यंत. मग भिंतीवर लावू म्हटलं, तर म्हणाली, भिंतीवर गेलेल्यांना लावतात.

त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. बुक्का तिच्या पायाशी झोपला होता.

माणसांच्या तसबिरीही या कामात होतात. केप ब्रेटन बेटावर शेटिकँप नावाचं फ्रेंच अकेडियन लोकांचं गाव आहे, हॅलिफॅक्सहून चारएकशे किलोमीटर. तिथे १९१४ मध्ये जन्मलेल्या एलिझाबेथ लफोर्टने लोकरीच्या धाग्यातून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, पोप, राणी असे सगळे ओढून काढले. तिच्या तसबिरी व्हाइट हाउस, व्हॅटिकन आणि बकिंगहॅम राजवाड्यात गेल्या. गावातल्या ले त्रवा पिन्याँ या संग्रहालयात तिचं दालन आहे. आईला घेऊन आम्ही गेलो होतो. आयझेनहॉवरच्या गालाला हात लावायचा मोह आईने कसाबसा आवरला. मला ते चेहरे फार गुळगुळीत वाटले, खरं सांगायचं तर. कौशल्य अफाट, पण फोटोशी स्पर्धा करून लोकरीने काय मिळवलं? मास्तरीणबाईंच्या आईचं मेंढरू मला जास्त आवडतं. हे मी शेटिकँपमध्ये बोललो नाही.

परत आल्यावर आईने आपली काळी घोंगडी काढली. माणदेशातल्या मेंढ्यांची, हातमागावरची, चिंचोक्याची खळ लावलेली. विमानातही तिच्या मांडीवर होती. "घे कापून" म्हणाली. कापणं मला जमेना. शेवटी तिनेच दशा ओढून दिल्या, कडेच्या. राठ, चरचरीत, न रंगवलेला काळा, उन्हात तपकिरी होणारा. या कामात पट्टीऐवजी धागा घातला तरी चालतो. बुक्काचे दोन्ही कान त्या दशांचे आहेत. स्कर्टांच्या मऊ लोकरीत ते थोडे वेगळे दिसतात, आणि हात फिरवला तर कळतंच.

केस कुठल्या दिशेने वळतात हे पाहायला मी कितीतरी संध्याकाळी त्याच्या शेजारी फरशीवर पडून काढल्या. आमच्याकडे बैल घेताना भोवरे बघतात, तसं. नाकाच्या दांड्यावर केस अगदी तोकडे, तिथून वर निघतात, दोन भुवयांच्या मधे फाकतात आणि कानांकडे उतरतात. छातीवर, पांढऱ्या ठिपक्याच्या जरा वर, एक भोवरा आहे, घड्याळाच्या उलटा. फासांच्या रांगा त्याच वाटेने न्यायच्या. सरळ रांगा घातल्या तर कुत्रा दिसत नाही, पायपुसणं दिसतं.

हे सगळं पहिल्या हिवाळ्यात बरंचसं उरकलं. दुसऱ्या हिवाळ्यात तोंडाचा पुढचा भाग राहिला होता, नाकाखालचा आणि हनुवटीचा. ज्या फोटोवरून मी हे काढत होतो तो बुक्का सात वर्षांचा असतानाचा. तेव्हा तिथे चार-दोन पांढरे केस होते. मी फोटोप्रमाणे भरलं, वांगी, निळं, हेरिंगबोन. मान वर केली तर समोर बुक्का बसलेला, आणि त्याची हनुवटी पांढरी.

मास्तरीणबाईंचं म्हणणं, फोटोवरून कर. फोटो बदलत नाही, म्हणून तर फोटो. बरोबर आहे त्यांचं. पण या कामात गाठ नसते, हे मी वर सांगितलंच. पट्टीचं एक टोक धरून ओढलं की अख्खी ओळ सुर्रकन निघते. त्यांच्या मांजरीने एकदा एका दुपारीत आख्खं गुलाबाचं फूल उपसलं होतं. लिननची रुंदावलेली भोकं नखाने खरवडली की पुन्हा मिटतात, जणू तिथे काही नव्हतंच. मी हनुवटी उपसली आणि राखाडी भरली. त्या मार्चमध्ये भुवयांवर दोन ठिपके आले. तिथलं उपसलं. उन्हाळ्यात गालांच्या बाजूने पांढरं वर चढलं, डोळ्यांखाली चष्म्यासारखं. चहाच्या पाण्यात बुडवलेली मळकट पांढरी लोकर मी आता आधीच कापून ठेवतो.

कडा अजून शिवलेल्या नाहीत. शेवटी ओल्या टॉवेलवरून इस्त्री फिरवायची, चार इंच सोडलेलं कापड दुमडायचं आणि लोकरीने काठ गुंडाळत शिवून टाकायचा, की काम संपलं. दोन संध्याकाळींचं काम आहे. लोकर आणून ठेवलीय, ती कपाटात आहे.

"झालं का तुझं?" आई फोनवर विचारते. "खाली घातलंस का भिंतीवर लावलंस?"

"चौकटीवरच आहे अजून."

"मग राहू दे की तसंच," ती म्हणते, आणि बुक्का जेवला का ते विचारते.

उपसलेल्या काळ्या पट्ट्या टाकवत नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. इतके दिवस फासांत राहिल्याने त्या सरळ होत नाहीत, कुरळ्याच राहतात, आणि प्रत्येकीत बुक्काचे खरे केस अडकलेत. काल डाव्या डोळ्याखालच्या अडीच ओळी काढल्या. झाकण आता जरा दाबून लावावं लागतं.